आधी पाणी

आत आल्यावर लगेच काही मागवू नका. आधी बसा. खुर्ची ओढताना तिचा फरशीवर होणारा आवाज ऐका, पिशवी पायाशी ठेवा, मोबाइल पर्समध्येच राहू द्या. टेबलाचा सनमायका अजून ओला आहे. कुणीतरी आत्ताच फडकं मारून गेलंय. ती ओल वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसा. अर्धं मिनिट लागेल. तेवढ्यात आपण कुठून आलो, घाईत होतो का, कुणावर चिडून आलो का, हे आपोआप ध्यानात येतं. आलं की येऊ द्या, त्याच्यामागे जाऊ नका. ओल कडेकडून आत सरकत वाळते. मधे एक ठिपका उरतो, मग तोही जातो.

असं बसायला मी कोल्हापुरातल्या एका मिसळीच्या हॉटेलात शिकले. शहरात बावड्याची, खासबागेतली, उद्यमनगरातली अशी नावाजलेली ठिकाणं आहेत, बाहेरगावची माणसं पत्ता विचारत तिथं येतात. मी म्हणते ते एवढं गाजलेलं नाही. आठ टेबलं, भिंतीवर अंबाबाईची तसबीर, तिच्याशेजारी शाहू महाराजांची, दाराशी गल्ला, मागं भटारखाना. सकाळी सातला उघडतं आणि कट संपला की बंद होतं, बहुधा एक वाजायच्या आत. आठ टेबलांना वाढणारी माणसं दोन. त्यांतल्या थोरल्यांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हणते.

सकाळी साडेनऊला इथं अख्खं टेबल एकट्याला मिळत नाही. समोर कुणीतरी बसलेलं असतं किंवा येऊन बसतं. "बसू काय हितं?" असं विचारलं जातं आणि "बसा की" असं उत्तर येतं. हे दोन शब्द उच्चारताना शरीर काय करतं ते बघा. कोपर आत येतं, पिशवी थोडी सरकते, खांदा क्षणभर आखडतो आणि सैल होतो. एका अनोळखी माणसाला आपण दीड वीत जागा दिली. एवढंच झालं, पण ते झाल्याचं कळू द्या.

माझ्या आजीला ही दीड वीत कधी मिळाली नाही. ती हॉटेलात गेलीच नाही. आई गेली, पण फॅमिली रूममध्ये. जुन्या हॉटेलांच्या पाटीवर 'फॅमिली रूमची सोय आहे' असं ठळक लिहिलेलं असे. सोय म्हणजे लाकडी पार्टिशनची खोपटी आणि तिच्यावर मळकट पडदा. आई, मावशी आणि आम्ही मुली त्या पडद्याआड बसायचो. पडदा थोडा बाजूला व्हायचा, एक हात आत यायचा, पाण्याचे ग्लास ठेवायचा आणि जायचा. त्या हाताचा चेहरा मला कधी दिसला नाही. आता मी बाहेरच्या टेबलावर एकटी बसते, समोर एक गवंडी आणि त्यांचा हाताखालचा मुलगा बसलाय, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा इथं एकटी बसले तेव्हा मात्र पाठ सगळा वेळ ताठ होती. कुणी काही बोललं नव्हतं. पाठीला आईचा पडदा आठवत होता.

तर बसा. पाठ खुर्चीला टेकू द्या. तिला तिचं काय आठवतं ते तिलाच माहीत, पण टेकू द्या.

आता पाणी येईल.

अजून कुणी काय हवं विचारलेलं नाही, पैशांचा विषय नाही, तुम्ही खाणार की नुसता चहा पिणार हेही ठरलेलं नाही. तरी पाणी आधी येतं. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. आमच्या ऊसपट्ट्यात त्याच्याबरोबर गुळाचा खडाही ठेवत. घरची ही रीत हॉटेलात कधी आणि कशी शिरली याचा मी कधी विचार केला नव्हता, इतकी ती सवयीची होती. मोठ्या हॉटेलांत आता पाण्याआधी प्रश्न येतो, 'बाटलीचं की साधं?' या प्रश्नाने मला दर वेळी किंचित परकं वाटतं. पाहुण्याला पाण्याची प्रत विचारायची नसते.

मामा पाणी आणतात ते दोन्ही हातांत मिळून सहा ग्लास. आता ते ट्रे वापरतात, पण गर्दी फार झाली की ट्रे राहतो आणि जुनी पद्धत परत येते. बोटं ग्लासांच्या आत, अंगठा बाहेर, चिमटीत धरल्यासारखे ग्लास एकमेकांना चिकटलेले. ते टेबलावर ठेवले जातात आणि बोटं पाण्यातून बाहेर निघतात.

इथं थांबा. ग्लास उचलू नका. त्या क्षणी आत काय उठलं ते बघा.

बहुतेकांच्या आत काहीतरी उठतं, माझ्याही उठतं. ते स्वच्छतेचं असतं आणि योग्यच असतं. पिण्याच्या पाण्यात कुणाचीही बोटं बुडू नयेत, डॉक्टरचीही नाहीत. मी मामांना तसं एकदा म्हटलंही, सरळ आणि हळू आवाजात. त्यांनी ग्लास बदलून दिले. पण मला स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा होता. जे उठलं ते सगळंच स्वच्छतेचं होतं का? की त्याच्या तळाशी आणखी जुनं काही होतं, जे मला कुणी शिकवलं नाही आणि तरी माझ्यात आहे? हात कुणाचा, हे जाणून घ्यायची एक फार जुनी सवय या मातीत आहे. ती पाण्याभोवती सगळ्यात घट्ट आहे. हा प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर देऊ नका, "माझ्यात तसलं काही नाही" असंही म्हणू नका. ग्लासातलं पाणी अजून हलतंय. ते स्थिर होईपर्यंत प्रश्न तसाच राहू द्या.

याच शहरात पाण्यावरूनच एका माणसाला मार बसला होता. गंगाराम कांबळे त्यांचं नाव. ते शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. जातीनं महार. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना बाकीच्या नोकरांनी निर्दयपणे मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे उभे राहिले आणि पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. एवढं करून थांबले असते तरी लोकांनी त्यांना न्यायी म्हटलं असतं. ते थांबले नाहीत. गंगारामना त्यांनी नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, त्यासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल उघडलं. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल उघडणं एक, तिथं कुणी चहा प्यायला येणं दुसरं. ज्याने हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला, त्याच्याच हातचा चहा कोण पिणार? मग महाराज आपला खडखडा घेऊन त्या रस्त्याने येत, हॉटेलसमोर गाडी थांबवत आणि चहा मागवत. स्वतः पीत आणि गाडीत बरोबर बसलेल्यांनाही पाजत. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारायची सोय कुणाला नव्हती. त्याच सुमारास, १९१९ साली, संस्थानात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची नाही असे त्यांचे हुकूमही निघाले. पण मी जेव्हा या टेबलाशी बसून विचार करते तेव्हा हुकूम मला आठवत नाहीत. तो कप आठवतो. हुकूम कागदावर उतरतो, चहा घशातून उतरावा लागतो.

या गोष्टीत मला आणखी एक बारीक जागा दिसते. आपण ती नेहमी राजाची गोष्ट म्हणून सांगतो. गंगाराम कांबळ्यांच्या बाजूनं ती क्षणभर बघा. पहाटे उठून चूल पेटवणं, कपबशा घासून मांडणं, दूध नासू नये म्हणून जपणं, आणि गिऱ्हाईक येतच नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण बघतो, पाय थबकतो आणि पुढं जातो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायची. वाढण्यासाठी तयार उभं राहिलेलं माणूस, आणि त्याच्या हातून कुणी घेत नाही. डोळे मिटायचे असतील तर मिटा आणि त्या रिकाम्या सकाळी त्या दुकानात थोडा वेळ उभ्या राहा, उभे राहा.

आता ग्लास उचला. पाणी गार आहे. ओठ, जीभ, घसा, छाती, इथपर्यंत त्याची वाट कळते, पुढं कळत नाही. जिथपर्यंत कळते तिथपर्यंत जा.

पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रकरण शेकलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. हे तारखांचे दोन दगड. त्यांच्या मधल्या वाटेवर आपण रोज सकाळी काही न आठवता चालतो, हे चांगलंच आहे. माणसाला काही न आठवता पाणी पिता यावं यासाठीच ते सगळं झालं. पण कधीतरी एकदा आठवून प्यावं.

देशाच्या संविधानात उपाहारगृह हा शब्द आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही असं लिहिलंय. २९ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याचा आशय असा की, जो कोणी सेवा मागायला येईल त्याला ती द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. 'जो कोणी' या शब्दांवर जरा वेळ राहा. समोरचे गवंडी, त्यांचा हाताखालचा मुलगा, कोपऱ्यात कॉलेजची पोरं, दारात नंबर लागायची वाट बघणारं एक जोडपं, आणि तुम्ही. जो कोणी.

"काय देऊ?" मामा विचारतात.

इथं फार काही निवडायचं नसतं. मिसळ, जादा ब्रेड, ताक, चहा. तिखट की मध्यम, एवढाच प्रश्न. मागणी सांगताना मामांच्या डोळ्यांकडे बघा. ते लिहून घेत नाहीत. टेबलांकडे एक नजर टाकतात आणि ती सगळी मागणी डोक्यात ठेवून भटारखान्याच्या खिडकीशी जाऊन एका दमात सांगतात, "दोन मध्यम, तीन तिखट, एक बिनकांदा, कोपऱ्याला दोन ताक!" मी त्यांना कधी चुकताना पाहिलं नाही असं म्हणणार नाही, पण फार क्वचित. आठ टेबलांवरचे बत्तीस लोक हलत असतात, उठत असतात, नवे येत असतात, आणि हे सगळं चित्र ते माणूस डोक्यात घेऊन चालतंय. आपण मन एकाग्र करायला डोंगरावर जातो. मामा सकाळी सात ते एक ते करत असतात, आणि मधेच कुणीतरी "ओ, लिंबू!" म्हणून हाक मारतं.

आता वाट बघायची आहे. पाच मिनिटं, कधी दहा. ही मिनिटं मोबाइलला देऊ नका, कानांना द्या. सगळ्यात जवळ स्टीलच्या ग्लासाचा टेबलावर ठेवल्याचा आवाज. त्याच्यापलीकडे चमच्यांचा. गल्ल्याशी नाण्यांचा, आता कमी, कारण मोबाइलवर पैसे आल्याचं सांगणारं यंत्र मधूनमधून बोलतं. त्याच्यामागे भटारखान्यात कांदा चिरल्याचा एकसारखा आवाज, आणि सगळ्यांच्या खाली उकळत्या कटाची मंद गुडगुड. ती ऐकू यायला वेळ लागतो. एकदा ऐकू आली की ती सुरुवातीपासून होतीच हे कळतं.

मग मामांच्या पायांकडे बघा. एक फेरी पूर्ण होईपर्यंत, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत आणि परत, फक्त पाय. साधी रबरी चप्पल, टाचेला झिजलेली. फरशी जिथं ओलसर असते तिथं पाऊल सपाट पडतं, तिथं ते बघत नाहीत, पावलाला माहीत आहे. दोन खुर्च्यांच्या फटीतून जाताना कंबर वळते आणि हातातलं ताट पातळीत राहतं. मला हे बघताना दर वेळी गळ्याशी काहीतरी येतं. इतकं चांगलं केलेलं काम, आणि ते चांगलं झालंय हे कुणाला कळतही नाही, कारण चांगलं झालं की काही सांडत नाही.

मिसळ आली. खोलगट ताटलीत खाली मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, बारीक कांदा, कोथिंबीर. मामा छोट्या बादलीतून वगराळ्यानं कट ओततात, कडेकडेनं, मधलं फरसाण शक्य तेवढं कोरडं ठेवून. शेजारी ब्रेडच्या स्लाइस. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच. वर लाल तर्री सरकत जाते आणि कडेला पोचून थांबते. वास घ्या. वेगळं काही करू नका, वास घ्या. कोल्हापुरी चटणीचा आहे, भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा. पहिला घास सावकाश घ्या. तिखट लगेच कळत नाही. आधी मीठ कळतं, मग मटकीचं मऊपण, शेवेची कुरकुर, आणि मग मागून तिखट येतं, कानापर्यंत. नाकाला पाणी येईल. पुसा. समोरच्या गवंड्यांनाही आलंय, त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं. दोन अनोळखी माणसं एकाच वेळी नाक पुसतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर थोडं कमी होतं.

अर्धी ताटली झाली की बाजूला सावली पडते. तुम्ही हाक मारलेली नाही. मामा बादली घेऊन उभे आहेत. "कट घालू काय, ताई?"

सेवा या शब्दाबद्दल मी खूप वाचलं, ऐकलं. माझ्यासाठी तिचा अर्थ या प्रश्नात आहे. कुणीतरी दुरून बघून ओळखलं की इथं कमी पडतंय, आणि मागायची वेळ यायच्या आत ते आलं. घरी आई असं करते. तिला त्याचे पैसे मिळत नाहीत, मामांना पगार मिळतो. म्हणून मामांचं लक्ष कमी खरं ठरत नाही. पगारासाठी बादली उचलता येते, पण अर्धी झालेली ताटली दिसायला लागते ती पगारानं नाही. "घाला" म्हणा. नको असेल तर हात आडवा धरून "बास" म्हणा. दोन्ही वेळा त्यांच्याकडे बघून.

एक गोष्ट मी आजवर टाळत आले. मी नऊ-दहा वर्षांची असताना वडील मला दुसऱ्या एका गावी नेत, आणि बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात आम्ही भजी खायचो. तिथं पाणी आणायला एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. त्याच्या खांद्यावर फडकं असायचं, त्याच्या अंगाच्या मानानं फार मोठं. सगळे त्याला 'ए पोऱ्या' म्हणत. एके दिवशी त्याच्या हातून दोन काचेचे ग्लास पडले. मालक गल्ल्यावरून उठला आणि त्यानं त्याच्या कानाखाली मारली. आवाज आला. सगळं हॉटेल क्षणभर गप्प झालं आणि मग पुन्हा बोलायला लागलं. वडील काही बोलले नाहीत. मी भजी खाल्ली. मुलानं काचा गोळा केल्या, आमच्या टेबलाखालून गोळा करताना वर बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

ती नजर मी पुष्कळ वर्षं घेऊन हिंडतेय. मननाला बसताना लोक मनातलं वाईट बाहेर सोडून द्यायला सांगतात. हे सोडू नये असं मला वाटतं. हे जवळ ठेवून बसावं. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं, ढाबे, चहाच्या टपऱ्या आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर बंदी आली; २०१६च्या दुरुस्तीनं ती जवळजवळ सगळ्याच कामधंद्यांना लागू झाली. तो मुलगा तोवर मोठा झाला असणार. त्याच्यासाठी तो कायदा फार उशिरा आला. तुमच्याही आठवणीत असा एक मुलगा असेल. रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर, ढाब्यावर. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा येऊ द्या. या वेळी दुसरीकडे बघू नका.

श्वास जड झाला असेल तर तसाच राहू द्या. पाणी आहे समोर.

भटारखान्याच्या मागच्या दाराशी दोन बायका बसलेल्या असतात. एक कांदा चिरते, दुसरी भांडी घासते. त्यांचा चेहरा गिऱ्हाइकाला दिसत नाही, उठताना हात धुवायच्या बेसिनपाशी गेलात तर पाठ दिसते. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेल्या हजारो गिरणी कामगारांना अशाच बायकांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं, आपापल्या खोलीत खानावळ चालवून. त्यांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर बँकेच्या लेखी त्या बायका नव्हत्याच. बेसिनपाशी जाल तेव्हा हात सावकाश धुवा. त्या पाठीकडे बघत.

कधी उशीर होतो. कधी तिखट सांगितलेलं मध्यम येतं, आपल्यानंतर आलेल्याला आपल्याआधी मिळतं. राग येतो. आला तर त्याला खुर्ची द्या, तोही बसू दे. आपला राग उशिराचा आहे, की आपल्याला कमी लेखलं गेलं असं वाटल्याचा, हे त्याला विचारा. मग जे सांगायचं ते सांगा, आवाज न चढवता. न सांगणं हा चांगुलपणा नव्हे. वाढणाऱ्याला चूक कळायला हवी, तो माणूस आहे, त्याचं काम त्याला चांगलं करायचं असतं. चूक सांगताना 'ए' नको, एवढंच.

बिलाच्या बाबतीत फार बोलण्यासारखं नाही. मोठ्या हॉटेलांत सेवाशुल्क आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये बजावलं. आमच्या हॉटेलात असलं काही नव्हतंच. मामा गल्ल्याकडे बघून ओरडतात, "हिरवी साडी, एक मिसळ, एक जादा ब्रेड!" आणि तुम्ही चालत गल्ल्यापर्यंत जाईपर्यंत आकडा तयार असतो. वर काही ठेवायचं असेल तर टेबलावर नाणं टाकून जाऊ नका. हातात द्या.

एका बुधवारी मला उशीर झाला. साडेबारा होऊन गेले होते, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवायला सुरुवात झाली होती. मी चहावर बसले होते. मामांना विचारलं, "तुम्ही कधी खाता?"

"आता की. गर्दी मोडली की."

"मिसळच?"

"न्हाई ओ. घरनं भाकरी आणतोय." ते हसले. "रोज मिसळ कोण खातंय?"

दुसरं टेबल मोकळं नव्हतं, सगळ्यांवर खुर्च्या चढल्या होत्या. ते माझ्यासमोरच्या खुर्चीपाशी आले, थबकले. "बसू काय हितं?"

"बसा की."

त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, एक हिरवी मिरची, ठेचा. इतकी वर्षं त्यांना उभं आणि चालतंच बघितलं होतं. बसल्यावर ते लहान दिसत होते. खांदे खाली आलेले, पाय टेबलाखाली लांब केलेले. पाण्याचा जग माझ्या बाजूला होता. मी एक ग्लास सरळ केला आणि भरला.

"असू द्या ओ, असू द्या," ते म्हणाले आणि त्यांचा हात पुढं आला, ग्लास अडवायला. मी ओततच राहिले. हात तसाच मधे थांबला, मग मागं गेला आणि त्यांनी तो शर्टाला पुसला. ग्लास भरल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि भाकरी मोडायच्या आधी सगळं पाणी पिऊन टाकलं.